'टक्का वाढला' आणि 'टक्क्यांनी वाढला'

जगभरातल्या इंटरनेट वापराचे संवादी आलेख आठवीच्या मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे : एखाद्या देशाची रेषा ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली, तर वापर १० टक्क्यांनी वाढला म्हणायचे की २५ टक्क्यांनी? आणि 'पर्सेंटेज पॉइंट'ला, म्हणजे दोन टक्केवारींतल्या सरळ फरकाच्या एककाला, मराठीत काय म्हणतात?

'टक्केबिंदू' हा शब्द अर्थविषयक लेखनात चालतो आणि तो बरोबर आहे. तरी वर्गात मी तो आणणार नाही, कारण मुलांच्या कानावरून नेहमी जाणारा 'टक्का' हे काम छान करतो. मतदानाच्या संध्याकाळी आपण 'मतदानाचा टक्का वाढला' म्हणतो. तिथे टक्का म्हणजे शंभरातला वाटा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो दर) ६.५० वरून ६.२५ वर आणला, तेव्हाही 'पाव टक्का कपात' एवढे म्हटले आणि कोणाचा गोंधळ झाला नाही.

तेव्हा ४० वरून ५० साठी 'इंटरनेट वापरणाऱ्यांचा टक्का १० ने वाढला' असे म्हणावे. '२५ टक्क्यांनी वाढला' हेही खरे, पण ती मूळच्या ४० शी केलेली तुलना आहे. बोलताना 'टक्क्यांनी' दोन्ही अर्थांनी येते, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. म्हणून निदान वर्गापुरते ठरवून टाकावे : 'टक्क्यांनी' आले की मुलांनी लगेच विचारायचे, 'कशाच्या?'

संवादी आलेखात हा भेद फार कामाचा आहे. 'अवर वर्ल्ड इन डेटा' या आकडेवारीच्या संकेतस्थळावरच्या काही रेषालेखांत सापेक्ष बदल, म्हणजे मूळच्या आकड्याच्या तुलनेतला बदल, दाखवण्याची कळ असते. समजा, एक देश २ वरून ८ वर गेला आणि दुसरा ६० वरून ७५ वर. साध्या आलेखात दुसऱ्याची झेप मोठी दिसते, कारण त्याचा टक्का १५ ने वाढला आणि पहिल्याचा फक्त ६ ने. ती कळ दाबली की पहिला ३०० टक्क्यांवर पोचतो, दुसरा २५ वरच राहतो. मुले बुचकळ्यात पडतात, आणि पडू द्यावीत. त्यांच्याकडून दोन्ही आलेखांसाठी एकेक वाक्य लिहून घ्यावे. (इथे आणखी एक खड्डा आहे. २ चे ८ म्हणजे चौपट झाले, पण वाढ तिप्पट. 'चौपटीने वाढले' हे टाळलेलेच बरे.)

टक्का आणि संख्या यांचीही गल्लत होते. आइसलँडचा टक्का शंभराच्या अगदी जवळ आहे, पण तिथली सगळी लोकवस्तीच चार लाखांच्या आसपास. भारताचा टक्का त्याहून बराच कमी, तरी वापरणारी माणसे कोट्यवधी. नकाशावर रंग फक्त टक्का सांगतो, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे.

'वापरणारे' या शब्दाकडेही एकदा बघावे. असे जागतिक आकडे जमवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येत गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट वापरलेली व्यक्ती मोजली जाते, मग उपकरण स्वतःचे असो वा दुसऱ्याचे. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) प्रश्न 'कधी तरी वापरले आहे का' असा होता. त्यात स्त्रियांचा टक्का ३३.३ आणि पुरुषांचा ५७.१ निघाला. हे आकडे जागतिक रेषेशेजारी ठेवू नयेत. मात्र त्या दोघांतले अंतर वर्गात जरूर काढून घ्यावे : स्त्रियांचा टक्का २३.८ ने कमी आहे, २३.८ टक्क्यांनी नव्हे.