तुझा मसुदा वाचला

चि. बाळ,
सप्रेम जय ख्रिस्त.

दुर्घटना आणि हिंसेत गेलेल्यांसाठी रविवारी करायच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेचा, म्हणजे मंडळीने इतरांसाठी देवाकडे करायच्या विनंतीचा, मसुदा वाचला. भाषा साधी आहे, बरं वाटलं. पण दुसऱ्याच ओळीत 'यातही प्रभूची योजना आहे' असं लिहिलंयस, ते काढून टाक. ज्याचं माणूस ढिगाऱ्याखाली गेलं, तो मागच्या बाकावर बसलेला असू शकतो. आणि योजना सांगायचा अधिकार आपल्याला दिला कुणी? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढ. रोमी सुभेदार पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी लोक येशूकडे आणतात. तो स्वतःहून शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या 18 जणांची आठवण काढतो. एक हिंसा, एक दुर्घटना. हे इतरांहून जास्त पापी होते का? 'नाही' म्हणतो. का मेले, ते सांगत नाही. उलट ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करा म्हणतो.

सुरुवात आक्रोशाने कर. 'देव आमचा आश्रय' म्हणणारं 46वं स्तोत्र सगळ्यांना पाठ आहे, तेही घे, पण नंतर. आधी 69वं. पाणी गळ्याशी आलंय, चिखलात पाय टेकत नाहीत, अशी हाक आहे त्यात. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगर कोसळून त्याखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून मला त्या ओळी घाईने वाचता येत नाहीत. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात राहिलंय. तेव्हा प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आशा चिकटवलीच पाहिजे, असं नाही.

हिंसेचा भाग अवघड. पुण्यात कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला तो शनिवार होता, 13 फेब्रुवारी 2010. दुसऱ्याच दिवशी शहरभर उपासना होत्या. अशा वेळी काय म्हणायचं? मारणाऱ्यांसाठीही प्रार्थना हवीच, 'शत्रूंवर प्रीती करा' म्हणणाऱ्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून सुटका नाही. पण क्षमा मृतांच्या घरच्यांच्या तोंडी घालू नकोस. ती त्यांची, त्यांच्या वेळेने येईल, न येईल. 'त्यांचे हात थांबोत, न्याय होवो' एवढं म्हण. कुठल्याही समाजाकडे बोट जाईल असा शब्द तर अजिबात नको.

अग्निशमन दलाचे जवान आणि डॉक्टर तुझ्या यादीत आहेत. शवागारातले कर्मचारीही घाल. त्यांना सहसा सगळेच विसरतात.

संत फ्रान्सिसची म्हणून घेतलेली शांतीची प्रार्थना राहू दे, फक्त नाव काढ. ती 1912 साली पॅरिसच्या एका मासिकात निनावी छापली गेली. फ्रान्सिस 1226 मध्येच वारले होते. प्रार्थना चांगली आहे, तिला मोठ्या नावाची गरज नाही.

मधे मिनिटभर गप्प राहायचंय, हे ऑर्गनवाल्याला आधी सांगून ठेव. नाहीतर शांतता झाली की आपली पाळी आली समजून तो वाजवायला लागतो.

शुक्रवारपर्यंत नवा मसुदा पाठव. एका पानापेक्षा जास्त नको.

तुझा,
काका