नेबर ‘फुल’, तरी रूट गायब! सिस्कोच्या सीसीएनपी या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या अभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सीसीएनए (त्याआधीचं प्रमाणपत्र) झालं आहे, आता सीसीएनपी एंटरप्राइझ करायचं आहे. एन्कोर आधी द्यावी की एनार्सी? नोकरी सांभाळून किती महिने धरावेत?

क्रमाचं बंधन नाही. एन्कोर (३५०-४०१) ही १२० मिनिटांची मुख्य परीक्षा आणि तिच्या जोडीला आवडीच्या विषयाची एक परीक्षा, अशा दोन झाल्या की सीसीएनपी मिळतं. प्रगत राउटिंगची एनार्सी (३००-४१०) ही त्या दुसऱ्या गटातली, ९० मिनिटांची. एक पास झालात की दुसरीसाठी तीन वर्षं हातात असतात.

एन्कोर रुंद आहे, एनार्सी खोल आहे. रोजच्या कामात राउटिंग (डेटाला नेटवर्कमधून वाट दाखवणं) हाताळत असाल तर एनार्सीपासून सुरुवात केलीत तरी बिघडत नाही. बाकीच्यांनी एन्कोर आधी द्यावी. सीसीआयई एंटरप्राइझ या वरच्या प्रमाणपत्राच्या लॅबचं दारही तीच उघडते. रोज दोन तास आणि आठवड्यातून एकदा चार तासांची सलग लॅब, एवढं जमलं तर एन्कोरला पाच-सहा महिने पुरतात.

राउटिंगवर प्रेम असलेली मंडळी ऑटोमेशन (नेटवर्कची कामं प्रोग्रामने करणं) ‘शेवटच्या आठवड्यात बघू’ म्हणून सोडून देतात. एन्कोरच्या १.१ आवृत्तीत इन्फ्रास्ट्रक्चरला ३० टक्के आहेत हे खरं, पण ऑटोमेशनलाही १५ आहेत. त्यासाठी प्रोग्रामर व्हायची गरज नाही. जेसन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीतला चुकलेला कंस ओळखता यावा, पंधरा-वीस ओळींचा पायथन वाचून तो काय छापेल हे सांगता यावं. उपकरणांची सेटिंग प्रोग्रामने बदलण्याच्या दोन पद्धतींपैकी नेटकॉन्फ एसएसएचवर ८३० पोर्टने चालतं आणि रेस्टकॉन्फ एचटीटीपीएसवर, हे पक्कं असावं. रेस्टकॉन्फच्या उत्तरात ४०१ आला तर ओळख पटलेली नाही, ४०३ आला तर ओळख पटली पण परवानगी नाही, ४०४ आला तर पत्ताच चुकला. हे मार्क सोडणं परवडत नाही.

प्रश्न : लॅबमध्ये दोन राउटरांत ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवण्याची पद्धत) लावलं. दोन्हीकडे नेबर (शेजारचा राउटर) ‘फुल’ म्हणजे पूर्ण जोडलेला दिसतो, पण राउटिंग टेबलात एकही ओएसपीएफ रूट येत नाही. दोन दिवस डोकं फोडतोय.

दोन्ही इंटरफेसचा नेटवर्क टाइप तपासा. बहुतेक एका बाजूला पॉइंट-टू-पॉइंट दिलेला असेल आणि दुसरीकडे इथरनेटचा मूळचा ब्रॉडकास्ट तसाच राहिला असेल. दोन्ही टाइपांचा हॅलो (शेजाऱ्याला द्यायची हाक) १० सेकंदांचा आणि डेड (हाकेची वाट पाहण्याची मुदत) ४० सेकंदांचा, त्यामुळे टायमर जुळतात आणि नेबर बिनतक्रार ‘फुल’पर्यंत पोचतो. बिघाड पुढे आहे. ब्रॉडकास्टवाला राउटर आपल्या एलएसएत (जोडण्यांच्या जाहीर नोंदीत) ‘मी एका सामाईक नेटवर्कला जोडलेलो आहे’ असं लिहितो, तर दुसरा ‘माझी थेट या राउटरशी जोडणी आहे’ असं लिहितो. एसपीएफ हे रस्ते ठरवणारं गणित प्रत्येक जोडणीची उलटी नोंद शोधतं. ती जुळत नाही, मग तो रस्ता नकाशात धरलाच जात नाही.

खूण दोन ठिकाणी सापडते. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये एका राउटरवर फुलपुढे नुसती आडवी रेघ असते, दुसऱ्यावर डीआर किंवा बीडीआर (सामाईक नेटवर्कचा मुख्य किंवा राखीव राउटर). आणि ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’मध्ये समोरच्याच्या एलएसएखाली ‘अॅडव्हर्टायझिंग राउटर इज नॉट रीचेबल’ असा शेरा असतो. दोन्हीकडे टाइप सारखा केला की रूट येतात.

आता दुरुस्ती करून लॅब बंद करू नका. याच दोन राउटरांवर आणखी दोन बिघाड मुद्दाम घडवा. एका बाजूचा आयपी एमटीयू (पॅकेटाची कमाल लांबी) १५०० वरून १४०० करा आणि ओएसपीएफ रीसेट करा. नेबर ‘फुल’च्या आधीच्या एक्सस्टार्ट-एक्सचेंज अवस्थेत अडकेल, कारण डीबीडी (डेटाबेसचा सारांश सांगणाऱ्या) पॅकेटात पाठवणाऱ्याचा एमटीयू लिहिलेला असतो आणि तो आपल्यापेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट टाकून देतो. साधा पिंग १०० बाइटचा असतो, तो आरामात जातो, म्हणून लोक ‘लिंक चांगली आहे’ असं समजून भलतीकडे शोधत बसतात. साइज १५०० आणि डीएफ-बिट (‘तुकडे करू नका’ ही खूण) लावून पिंग करा, लगेच कळेल. ‘एमटीयू-इग्नोर’ने नेबर उभा राहतो, पण ते दुखणं झाकणं झालं.

दुसरा बिघाड : एका राउटरवर येणाऱ्या बाजूला एसीएल (पॅकेट गाळणारी यादी) लावून २२४.०.०.५ हा ओएसपीएफच्या हॅलोचा पत्ता अडवा. डेड टायमर संपल्यावर त्याला नेबर दिसेनासा होईल आणि दुसऱ्यावर तोच नेबर ‘इनिट’मध्ये अडकेल. ‘इनिट’ म्हणजे समोरच्याचा हॅलो येतोय, पण त्या हॅलोत आपलं नाव नाही. आपला आवाज तिकडे पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक वेळी एंटर दाबण्याआधी वहीत लिहा : कुठली अवस्था दिसेल, कुठल्या राउटरवर, किती सेकंदांनी. अंदाज चुकला तर तो विषय अजून कच्चा आहे. नुसतं कॉन्फिग टाइप करून रूट आलेले पाहण्यात हात तेवढा सरावतो.

प्रश्न : १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लॅब चालेल का?

चालेल. आयओएसव्ही हा सिस्कोचा आभासी राउटर साधारण ५१२ एमबी घेतो, म्हणजे असे आठ उभे केले तरी ४ जीबी. कॅटॅलिस्ट ८०००व्ही हा दुसरा आभासी राउटर मात्र एकटाच ४ जीबी मागतो, म्हणून तो रेस्टकॉन्फसारख्या गरजेपुरता एकच ठेवा. सीएमएल या सिस्कोच्या लॅब-सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत पाच नोड (आभासी उपकरणं) चालतात आणि काही इमेज सोबतच मिळतात. नोड सुरूच होत नसतील तर आधी बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. सगळे एकदम सुरू करू नका, बूट होताना सीपीयू गुदमरतो.

प्रश्न : ओएसपीएफचे रूट ईआयजीआरपी या दुसऱ्या राउटिंग पद्धतीत रिडिस्ट्रिब्यूट केले (सोडले), पण पलीकडे काहीच दिसत नाही. उलट दिशेने मात्र चालतं. असं का?

ईआयजीआरपीला सुरुवातीचं मेट्रिक (रस्त्याची किंमत) सांगावं लागतं. न सांगितल्यास ते अनंत धरलं जातं आणि रूट बाहेर पडत नाही. रिडिस्ट्रिब्यूटच्या ओळीत ‘मेट्रिक १००००० १० २५५ १ १५००’ जोडा. ओएसपीएफ स्वतःहून २० धरून ई-टू (बाहेरून आलेल्या) प्रकारचा रूट सोडतं, म्हणून उलटी दिशा चालली.

हेच काम दोन राउटरांवर दोन्ही दिशांनी करायला सांगितलं की खरी मजा. समजा, एक बाहेरचा रूट ईआयजीआरपीत १७० अंतराने (भरवशाचा आकडा, कमी तो चांगला) फिरतोय. पहिल्या राउटरने तो ओएसपीएफमध्ये टाकला. दुसऱ्या राउटरला तोच रूट आता दोन्हीकडून ऐकू येतो : ईआयजीआरपीकडून १७०, ओएसपीएफकडून ११०. तो ११० निवडतो, म्हणजे उलट्या रस्त्याने जातो, आणि वर तो रूट पुन्हा ईआयजीआरपीत ढकलतो. तिथे त्याचं मेट्रिक मूळ रूटपेक्षा चांगलं ठरलं की लूप (पॅकेट गोल फिरत राहणं) तयार.

उपाय टॅगचा, म्हणजे रूटवर लावलेल्या ओळखीच्या आकड्याचा. ईआयजीआरपीतून ओएसपीएफमध्ये टाकताना रूटवर १०० टॅग लावा आणि ओएसपीएफमधून ईआयजीआरपीत येताना टॅग १०० असेल तर नाकारा. उलट जोडीसाठी २००. दोन्ही राउटरांवर. त्याने लूप तुटतो. वाकडा रस्ता मात्र राहतोच, त्यासाठी दुसऱ्या राउटरवर टॅग १०० च्या ओएसपीएफ रूटांचं अंतर १७० च्या वर न्यावं लागतं. आणि रूट-मॅपच्या (या अटी लिहिलेल्या यादीच्या) शेवटी रिकामी ‘परमिट’ ओळ हवीच. ती राहिली की टॅग नसलेले सगळे रूट मुकाट्याने गळतात, आणि परीक्षार्थी टॅगच्या ओळी पुन्हापुन्हा तपासत राहतो.

प्रश्न : परीक्षेत वेळ पुरत नाही असं ऐकतो. आणि डंप (परीक्षेतून फोडलेले प्रश्न) वाचावेत का?

पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही, हे आधी मनात ठसवा. एका प्रश्नावर अडलात तर पटणारं उत्तर निवडून पुढे व्हा. लॅबच्या प्रश्नात आधी सगळ्या अपेक्षा आणि आकृती वाचा, मग कीबोर्डला हात लावा. जे बदलू नका म्हटलंय ते बदलू नका. सेव्ह करायला सांगितलं असेल तर सेव्ह करा. घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून एका लॅबला आठ-दहा मिनिटांची मर्यादा घालून घ्या.

डंप नकोत. परीक्षेआधी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो. तो मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय त्यातली बरीच उत्तरं सरळ चुकीची असतात.

नापास झालात तर दुसऱ्या दिवसापासून मोजून पाच दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात लगेच पुन्हा तारीख घेण्याची घाई करू नका. निकालपत्रात विभागवार टक्के असतात. सगळ्यात कमी असलेले दोन विभाग घ्या आणि त्यांतल्या प्रत्येक मुद्द्याची एक बिघडलेली लॅब बनवा. ती सोबत्याकडून बनवून घेतलीत तर उत्तम, आपणच पेरलेला बिघाड शोधण्यात अर्धी मेहनत वाचते, म्हणजे तेवढा सराव बुडतो.