चषक हाती, नारळही हाती

इंग्लंडच्या फुटबॉलवरची, म्हणजे तिथल्या प्रीमियर लीगवरची तुमची पत्रं मे महिन्यापर्यंत ‘कोण जिंकणार’ असं विचारतात आणि जून उजाडला की ‘याला का काढलं’ असं. २०२५ च्या जूनमध्ये निम्मी पत्रं एकाच माणसाबद्दल आली, तेव्हा आधी त्यांचंच.

प्रश्न : ताई, टॉटनहॅमनं सतरा वर्षांनी एखादा चषक जिंकला आणि तो जिंकून देणाऱ्या मॅनेजरच्या, अँज पोस्टेकोग्लूंच्याच हाती सोळा दिवसांत नारळ ठेवला. तुम्ही स्वतः टॉटनहॅमच्या. हा कृतघ्नपणा आहे की नाही?

आहे. आणि तरीही मला निर्णय पटतो.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये शेफील्डला टॉटनहॅमच्या युर्गन क्लिन्समननं गोल केला आणि गवतावर पोटावर सूर मारला. मुद्दाम पडणारा म्हणून त्याला हिणवणाऱ्यांची त्यानं स्वतःच फिरकी घेतली. तेव्हापासून मी या क्लबच्या नादी लागले आहे. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईनं असा आतबट्ट्याचा व्यवहार करायला नको होता. २१ मे २०२५ रोजी बिल्बाओत युरोपा लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं. ब्रेनन जॉन्सनचा तो गोल काही देखणा नव्हता, चेंडू ल्यूक शॉच्या अंगाला लागत कसाबसा आत घरंगळला. मी रडले. ६ जूनला पोस्टेकोग्लूंना काढल्याची बातमी आली तेव्हा चिडले. मग वही काढली. दर हंगामाचा शेवटचा तक्ता मी त्यात हातानं उतरवून ठेवते.

२०२४-२५ च्या पानावर टॉटनहॅम सतराव्या ओळीत आहे. ३८ सामने, २२ पराभव, ३८ गुण. अठराव्या ओळीपासून खालचे तिघे खालच्या विभागात उतरतात. लेस्टर २५, इप्सविच २२ आणि साउदॅम्प्टन १२ इतके ते तिघे गलितगात्र होते म्हणून आम्हाला धग लागली नाही. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही खाली गेलं होतं, तेही पान माझ्याकडे आहे.

पोस्टेकोग्लूंची बाजूही आहे. आदल्या वर्षी त्यांनीच ६६ गुणांनी पाचवा क्रमांक मिळवला होता. या वर्षी बचावफळीतले मुख्य खेळाडू कित्येक आठवडे जायबंदी होते, आणि वसंतात त्यांनी उघडपणे लीग सोडून युरोपवर भर दिला. दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो, असं ते सप्टेंबरात म्हणाले तेव्हा लोक हसले होते. त्यांनी जिंकून दाखवलं.

पण संचालकांना पुढच्या ३८ सामन्यांचा हिशेब करायचा होता, आणि चषक बाजूला ठेवला तर त्यांच्या हातात ते २२ पराभवच उरत होते. असं यांच्याच बाबतीत घडलं असंही नाही. लुई व्हॅन गाल यांनी २१ मे २०१६ रोजी वेम्ब्लीवर एफए कप हा इंग्लंडचा बाद फेरीचा चषक उचलला आणि २३ तारखेला त्यांना युनायटेडमधून जावं लागलं. रॉबर्तो मान्चिनींनी मँचेस्टर सिटीला १३ मे २०१२ रोजी विजेतेपद मिळवून दिलं, त्यांना काढलं ते १३ मे २०१३ ला. वाढदिवस बरोबर लक्षात ठेवला म्हणायचा!

एक कबुली देऊन टाकते. माझ्या हातात असतं तर मी पोस्टेकोग्लूंना जानेवारीतच काढलं असतं, आणि मग बिल्बाओ घडलंच नसतं. तेव्हा माझा सल्ला किती मानायचा ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : न्यूकॅसल शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून हरलं, तरी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत गेलं. हे कसं?

अ‍ॅस्टन व्हिलाही हरलं म्हणून. दोघांचे ६६ गुण झाले. बरोबरी झाली की आधी गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) पाहतात, तोही सारखा असेल तर केलेले गोल. न्यूकॅसलचा फरक अधिक २१, व्हिलाचा अधिक ७. पाचवी जागा न्यूकॅसलला मिळाली, आणि त्या हंगामात लीगच्या तक्त्यातून पहिल्या पाच संघांना जागा होती.

व्हिलाचा सामना मात्र पुन्हा पाहावा असा. ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ पहिल्याच अर्धात लाल कार्ड घेऊन गेला. दुसऱ्या अर्धात ०-० असताना मॉर्गन रॉजर्सनं युनायटेडच्या गोलरक्षकाकडून चेंडू हिसकावून जाळ्यात घातला, पण पंचांनी चेंडू आत जाण्याआधीच फाउलची शिट्टी फुंकली होती. शिट्टी वाजली की खेळ थांबला, मग व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहणारे पंच, काही करू शकत नाहीत. दोन श्वास थांबले असते तर चित्रफितीत सगळं तपासता आलं असतं. नंतर युनायटेडनं दोन गोल केले. व्हिलानं बरोबरी जरी साधली असती तरी ६७ गुणांनी पाचवी जागा त्यांची होती. पंधराव्या क्रमांकावर संपलेल्या संघानं त्यांचा घात केला.

प्रश्न : हंगामाच्या मध्येच मॅनेजर बदलून खरंच फरक पडतो का?

तारीख लिहून घ्या, १५ डिसेंबर २०२४. त्या एकाच रविवारी वुल्व्ह्जनं गॅरी ओ’नील यांना आणि साउदॅम्प्टननं रसेल मार्टिन यांना काढलं. दोन्ही संघांचे १६ सामने झाले होते. वुल्व्ह्जचे ९ गुण, साउदॅम्प्टनचे ५. उरलेल्या २२ सामन्यांत व्हिटोर परेरांच्या वुल्व्ह्जनं ३३ गुण मिळवले. साउदॅम्प्टननं? ७. फळ्यावर उदाहरण म्हणून लिहायला याहून चांगली जोडी मला मिळाली नसती.

वुल्व्ह्जकडे मुळात माल होता, मातेउस कुन्यासारखा १५ गोल करणारा खेळाडू होता. साउदॅम्प्टन खालच्या विभागातून नुकतंच वर आलं होतं आणि त्या वर्षी वर आलेले तिघेही परत खाली गेले, सलग दुसऱ्या हंगामात. नेहमी सत्तर गुण घेणारी मुलगी एकदा चाळीसवर आली आणि त्याच महिन्यात शिक्षक बदलले, तर पुढच्या परीक्षेतल्या साठ गुणांचं श्रेय नव्या शिक्षकांना मिळतं. ती बहुधा तशीही साठवर आलीच असती. हंगामाच्या मध्ये मॅनेजरही बहुतेकदा संघ तळाला असतानाच बदलतात.

डेव्हिड मॉइस यांना मात्र श्रेय द्यायलाच हवं. जानेवारीत ते एव्हर्टनला परतले तेव्हा १९ सामन्यांत १७ गुण होते. पुढच्या १९ सामन्यांत ३१. खेळाडू बहुतेक तेच होते. इथे माझी सत्तर गुणांची मुलगी उपयोगी पडत नाही.

प्रश्न : काही जण ‘मॅनेजर’ असतात, काही ‘हेड कोच’. नुसती पाटीच वेगळी का?

बरीचशी पाटीच, पण पूर्ण नाही. युनायटेडचे फर्ग्युसन, आर्सेनलचे वेंगर यांच्या काळात खेळाडू विकत घेण्यापर्यंत शब्द मॅनेजरचा असे. आता ते काम स्पोर्टिंग डायरेक्टर पाहतो आणि हेड कोचनं सराव व सामने पाहायचे. मिकेल आर्टेटांना आर्सेनलनं २०२० मध्ये हेड कोचचा मॅनेजर केलं, म्हणजे त्यांचा शब्द वाढला. काढताना दोघांनाही सारखंच काढतात.

प्रश्न : फर्ग्युसननंतर युनायटेड कोसळलं. मग क्लॉपनंतर लिव्हरपूल पहिल्याच वर्षी विजेतं कसं झालं?

क्लॉप यांनी जाणार असल्याचं २६ जानेवारी २०२४ लाच सांगितलं, त्यामुळे क्लबला शोधायला चार महिने मिळाले. २०१३ मध्ये फर्ग्युसन यांची निवृत्ती ८ मे रोजी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी मॉइस यांचं नाव. शिवाय मुख्याधिकारी डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात गेले, म्हणजे खेळाडू आणायची घडी बसवलेला माणूसही उरला नाही. मॉइस यांचा करार सहा वर्षांचा होता, ते वर्षभरही टिकले नाहीत.

क्लॉप यांच्या जागी आलेल्या आर्ने स्लॉट यांनी घर पाडायला घेतलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात संघात खेळायला एकटा फेदेरिको किएझा आला, बाकी क्लॉप यांचीच मुलं. चार सामने शिल्लक असतानाच, २७ एप्रिल २०२५ ला अ‍ॅनफिल्डवर ५-१ असा विजय मिळवून त्यांनी लिव्हरपूलचं विसावं विजेतेपद नक्की केलं. समोर कोणता संघ होता ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे, इथे छापायलाच हवं असं नाही.