कोळ्याचा मेंदू एवढुसा, मग तो ठरवतो कसा?

तुम्ही विचारलंय की खसखशीएवढ्या मेंदूत कोळी निर्णय कसा घेतो, की सगळं जन्मजातच असतं. मी काही प्राणीशास्त्रवाला नाही, यावल तालुक्यात केळीचा मळा आहे, पण लाईटची वाट बघत मोटारीच्या खोलीत बसून बसून हे प्राणी खूप पाहिलेत.

एकदा स्टार्टरच्या पेटीवर तो छोटा उड्या मारणारा कोळी होता, शिकारीसाठी जाळं विणत नाही तो, आणि पलीकडच्या भिंतीवर माशी. याने तिच्याकडे नीट बघितलं आणि चक्क पाठ फिरवून खाली उतरायला लागला. म्हटलं, भ्याला. तर पठ्ठ्या वायरवरून भिंतीवर गेला आणि वळसा घालून माशीच्या मागे हजर! मधे बराच वेळ माशी त्याला दिसतसुद्धा नसणार.

याच जातकुळीतल्या पोर्शिया नावाच्या कोळ्यावर शास्त्रज्ञांनी असेच प्रयोग केलेत. उंचावरून शिकार दाखवायची, खाली दोन वाटा, त्यातली एक मधेच तुटलेली. तो आधी बसल्या जागी बघत राहतो आणि मग बहुतेक वेळा बरोबर वाट धरतो. सगळी गंमत त्या बघण्यात आहे. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी त्याला एकदम बारीक दिसतं पण फार थोडं, म्हणजे आपण रात्री पाणी द्यायला निघालो की बॅटरीच्या झोतात बांध दिसतो ना, तेवढंच. डोळ्याचं भिंग जागचं हलत नाही, आतला चित्र उमटतं तो पडदा हलतो. तो झोत शिकारीपासून मागे मागे आणायचा, वाट तुटली की परत फिरायचं, दुसरी बघायची. अख्खा नकाशा डोक्यात मांडायचं कामच नाही. वेळ लागतो, पण त्याला कुठं बाजार गाठायचाय.

आणि सगळंच जन्मजात म्हणाल तर ते मला पटत नाही. हाच पोर्शिया दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्यावर जाऊन धागे वेगवेगळ्या तालात छेडतो, मालक ज्या तालाला फसून पुढे सरकला तोच पुन्हा वाजवतो, नाही सरकला तर ताल बदलतो. बरं, मधमाशीच्या मेंदूत साधारण १० लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, आपल्या ८६०० कोटींच्या आसपास, तरी ती फुलांचा पत्ता नाचून सांगतेच की.

त्या माशीचं म्हणाल तर, कोळ्याने उडीआधी धागा चिकटवला, तेवढ्यात लाईट आली, स्टार्टर खटकन ओढला आणि माशी भुर्र.