बुलबुलचं घरटं किती जवळून बघायचं?

प्रश्न: बागेत जास्वंदीच्या झाडावर बुलबुलने घरटं केलंय, आत तीन अंडी आहेत. रोज फोटो काढावासा वाटतो पण जवळ गेलं की पक्षी उडून जातो. तो घरटं सोडून देईल का? आणि पिल्लू खाली पडलं तर हात लावलेला चालतो का?

उत्तर: पक्षी उडतोय म्हणजे तुम्ही फार जवळ जाताय, एवढं नक्की. अंडी उबवायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात आणि या काळात वारंवार त्रास झाला तर जोडी घरटं सोडूनही देऊ शकते. शिवाय तुम्ही सारखं तिथे जाताय हे कावळा आणि मांजर दोघंही बघत असतात, मला तर हीच भीती जास्त वाटते. म्हणून खिडकीतून दुर्बिणीने बघा, फ्लॅश अजिबात नको, फांद्यांची छाटणी पिल्लं उडेपर्यंत थांबवा आणि कीटकनाशक तर मुळीच फवारू नका कारण पिल्लांना आईबाप मुख्यतः किडे, अळ्याच भरवतात, ते भरवणं बघण्यासारखं असतं हो!

हात लावला की आईबाप पिल्लाला टाकतात हा गैरसमज आहे. पिसं न आलेलं असेल तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर उचलून घरात नेऊ नका, बुलबुलची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना जमिनीवर येऊनही भरवतात, तेव्हा फक्त मांजराला लांब ठेवा.