तिसरी रिकामी वेळ

प्रश्न : आमच्या दांडिया बाजारातल्या ज्येष्ठ मंडळात वाद रंगलाय. एक जण म्हणतो, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ लगेच उद्याची मिळते. दुसरा म्हणतो, आठवडा जातो. खरं काय ते मोजायचं कसं?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : दोघंही खरं बोलताहेत. माझी नोकरी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीमागे गेली, म्हणून सांगते. उद्याची वेळ मिळते ती बहुधा कुणीतरी ऐनवेळी लग्नाला सुरतेला गेलं म्हणून. ती नशिबाची वेळ, तिच्यावर हिशेब बांधू नका. पहिली सोडा, दुसरीही सोडा, तिसरी रिकामी वेळ कधीची ते विचारा. अमेरिकेतले दवाखाने बरीच वर्षं हेच माप वापरतात.

समजा, बुधवारी सकाळी फोन केलात. रिकाम्या वेळा निघाल्या गुरुवार, शुक्रवार आणि पुढचा मंगळवार. तुमचं माप 6 दिवस. मधला रविवारही धरायचा, डोळा काही रविवारी दुखायचा थांबत नाही! दर आठवड्याला त्याच वारी, त्याच सुमारास विचारा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत. नव्या पेशंटची वेळ आणि ‘परत दाखवायला या’ची वेळ वेगळी लिहा, नव्याला बहुतेक जास्त थांबावं लागतं.

टोकनवाल्या ओपीडीत हे माप चालत नाही. तिथे केस निघाल्याची, नाव पुकारल्याची आणि औषध हातात पडल्याची वेळ टिपा. तरी एक माणूस सुटतोच : टोकन संपल्यावर परत गेलेला. तो कुठल्याच रजिस्टरात नसतो. आमच्या खिडकीशी असे कितीतरी येत, नुसतं आत डोकावून निघून जात. त्यांच्यासाठी कुणालातरी दारात वही घेऊन बसवा.

पैशाचं म्हणाल तर आयुष्मान कार्ड दाखल झाल्यावर कामाला येतं. साध्या ओपीडीची फी खिशातूनच. तेव्हा फी आणि रिक्षाभाडं हाही एक रकाना ठेवा. वेळ आहे पण परवडत नाही, तर ती वेळ असून नसल्यासारखीच.

फोन आणि ऑनलाइन एकत्र करू नका. काही दवाखाने थोड्याच वेळा ऑनलाइन टाकतात, बाकीच्या रिसेप्शनवरच्या बाईंच्या डायरीत असतात.