भाड्याच्या घरात जुन्या बादल्या-क्रेटमध्ये भाजी लावावी का?

तुम्ही विचारलंय की ११ महिन्यांचा करार संपला की घर बदलावं लागतं, मग भंगारातल्या बादल्या, क्रेट जमवून भाजी लावण्यात काही अर्थ आहे का. आहे, नक्की आहे. मी पुण्यात भाड्यानेच राहतो, आत्तापर्यंत दोन घरं बदलली आणि दोन्ही वेळा बाग टेम्पोत घालून सोबत नेली.

फक्त वजनाचा विचार आधी करा. पहिल्या वर्षी मी २० लिटरच्या डिस्टेंपरच्या बादल्या लाल मातीने गच्च भरल्या, पाणी घातलं की एकेक ३० किलोच्या आसपास जायची, घर सोडताना तीन मजले उतरवता उतरवता दोन बादल्यांच्या कड्या निघाल्या आणि टोमॅटो मुळासकट जिन्यात पडले, हिरवी फळं लागलेली होती हो त्यांना, फार वाईट वाटलं. तेव्हापासून माती जेमतेम तळाला आणि वर, बाकी सगळा पालापाचोळा आणि उसाचं चिपाड. चिपाड रसवंतीवाल्याकडे मागा, पोतं भरून देतो, वाळवून तुकडे करायचे. शेतीत प्रयोग करणाऱ्या कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी शिकवलेलं अमृतजल त्यावर घालतो: १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस ठेवायचं, रोज दोन-तीनदा ढवळायचं, मग दहापट पाणी मिसळून त्यात पाचोळा भिजवायचा. हळूहळू तो काळा भुसभुशीत होतो, मुठीत दाबला तरी चिकटत नाही. ही भरलेली बादली मी एकटा उचलतो.

बर्लिनला मोरिट्झप्लाट्झजवळ २००९ मध्ये प्रिन्सेसिनेनगार्टन नावाची बाग पडीक जागेवर सुरू झाली, जागा भाड्याची म्हणून त्यांनी जमिनीत काही न लावता बेकरीच्या क्रेटमध्ये, तांदळाच्या पोत्यांत भाज्या लावल्या. आपली अडचण तीच आहे ना!

मंडईतले फुटके क्रेट आत जुनं गोणपाट लावून मेथी, पालक, कोथिंबिरीला मस्त चालतात, सहा इंच खोली पुरते. टोमॅटो, वांग्याला मात्र फूटभर हवी. मासळीवाल्याचे थर्माकोलचे खोके हलके असतात, आधी दोन दिवस उन्हात टाका म्हणजे वास जातो. केमिकलचे ड्रम कितीही स्वस्त मिळाले तरी खायच्या भाजीला घेऊ नका. तळाला भोकं पाडा आणि खाली विटा ठेवा, नाहीतर स्लॅबला ओल येते आणि घरमालकाशी वाजतं, माझं वाजलंय. एप्रिल-मेमध्ये सगळं उचलून भिंतीच्या सावलीला सरकवायचं, हलतं असण्याचा खरा फायदा तेव्हा कळतो.

सुरुवात मेथीनेच करा, तीन-चार आठवड्यांत ताटात येते. बाल्कनीत ऊन किती तास येतं ते कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.